काट्यावरच्या लिनक्स पीसीसाठी ब्लूटूथ डोंगल: कोणता टिकतो, कोणता दगा देतो

सोयाबीन बाजारात यायला लागलं की अडतीवर, जिनिंगच्या काट्यावर, दूध संकलनावर एकच मागणी सुरू होते. जुन्या पीसीला ब्लूटूथ हवं, म्हणजे ५८ मिलिमीटरचा छोटा थर्मल प्रिंटर वायरीविना काट्यापाशी ठेवता येईल आणि पावती शेतकऱ्याच्या समोर निघेल. पीसी बहुधा दहा-बारा वर्षांचा असतो. विंडोजच्या नव्या आवृत्त्या त्याला झेपत नाहीत, म्हणून त्यावर उबंटू नाहीतर डेबियन टाकलेलं असतं. मग तालुक्याच्या गावातून किंवा ऑनलाइन नखाएवढा यूएसबी डोंगल मागवला जातो.

या डोंगलांत सध्या मुख्यतः दोन जाती मिळतात. एक 'सीएसआर' म्हणून विकली जाणारी, दुसरी रिअलटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ८७६१बी चिपची. लिनक्समध्ये दोन्ही चालवतो तो एकच ड्रायव्हर, बीटीयूएसबी, आणि तो कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. म्हणून हे परीक्षण डोंगलांचं जितकं, तितकंच त्या ड्रायव्हरचंही आहे. डोंगल किती चांगला हे शेवटी ड्रायव्हर त्या चिपला किती ओळखतो यावर ठरतं.

आधी स्वस्त जात. दीड-दोनशे रुपयांच्या घरात मिळते, पाकिटावर 'सीएसआर' आणि 'ब्लूटूथ ५.०' छापलेलं असतं. सीएसआर म्हणजे केंब्रिज सिलिकॉन रेडिओ, इंग्लंडची कंपनी. २०१५ मध्ये ती क्वालकॉमनं विकत घेतली. तिची सीएसआर८५१० ही चिप खरोखर चांगली होती, पण ती ब्लूटूथ ४.० ची. तेव्हा एकाच पाकिटावर सीएसआर८५१० आणि ५.० दोन्ही दिसले, की आतली चिप दुसऱ्याच कोणाची आहे हे पाकीट न फोडताच समजा.

पाकिटावर काही कळलं नाही तर डोंगललाच विचारावं लागतं. यूएसबीची कोणतीही वस्तू जोडल्याबरोबर आपली ओळख सांगते: कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक. सीएसआरची ओळख ०ए१२:०००१. नकली चिपा हीच ओळख उचलून सांगतात, त्यामुळे एलएसयूएसबी कमांडच्या यादीत खरा आणि खोटा अगदी सारखे दिसतात. इथंच बहुतेक जण फसतात. खरा भेद तिसऱ्या आकड्यात असतो, बीसीडी-डिव्हाइस, म्हणजे वस्तूची आवृत्ती. डोंगल लावा, लगेच सुडो डीमेसेज ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड चालवा. 'न्यू यूएसबी डिव्हाइस फाउंड' या ओळीच्या शेवटी तो आकडा येतो. बीटीयूएसबीमध्ये नकली म्हणून नोंदलेले आकडे असे आहेत: १.००, १.३४, १९.१५, २५.२०, ७५.५८ आणि ८८.९१. आकडा या यादीत नाही म्हणून डोंगल अस्सल ठरत नाही. चिप स्वतःची ब्लूटूथ आवृत्ती काय सांगते आणि आतल्या सॉफ्टवेअरचा क्रमांक काय देते, यांचा मेळही ड्रायव्हर लावून पाहतो. मेळ बसला नाही तर तोही नकलीच धरला जातो, आणि 'अनब्रँडेड सीएसआर क्लोन डिटेक्टेड' अशी स्पष्ट ओळ डीमेसेजमध्ये उमटते.

नकली असला तर बिघडतं काय? कर्नल ब्लूटूथ चिप सुरू करताना तिला एकामागून एक आज्ञा देतो. आधी चिप आपल्याला कोणकोणत्या आज्ञा समजतात याची यादी देते आणि कर्नल त्या यादीवर विश्वास ठेवतो. नकली चिप यादीत 'येतं' म्हणून सांगते, आणि प्रत्यक्ष आज्ञा गेली की चूक परत पाठवते नाहीतर गप्प बसते. साठवलेल्या जोडणी-किल्ल्या वाचणं, चुकीच्या डेटाची खबर देणं, सगळे फिल्टर पुसणं या आज्ञांवर हे हमखास होतं. एका आज्ञेवर अडलं की सुरू होण्याची सगळी प्रक्रिया थांबते. स्क्रीनवर ब्लूटूथचं चिन्ह दिसतं, पण बटण चालूकडे सरकवलं की परत बंदवर येतं. यात प्रिंटरचा काही दोष नसतो.

यावर कर्नलमध्ये २०२० पासून टप्प्याटप्प्यानं तोडगे आले. नकली ओळखला की ड्रायव्हर या आज्ञा देतच नाही. शिवाय एक वेगळाच उपाय आहे: डोंगलला एकदा मुद्दाम झोपवायचं, २०० मिलिसेकंद थांबायचं आणि मग पुन्हा झोपू द्यायचं नाही. काही चिपा या एका डुलकीशिवाय जाग्याच होत नाहीत. दुसऱ्याच्या खोटेपणासाठी इतकी मेहनत घेणाऱ्या ड्रायव्हरचं कौतुक करावंसं वाटतं. पण त्याचा अर्थ हाही की जुन्या कर्नलवर, उदाहरणार्थ उबंटू १८.०४ सोबत आलेल्या ४.१५ वर, हा डोंगल चालेल अशी आशा धरू नका. नव्या कर्नलवर तो सुरू होतो, माऊस-कीबोर्ड चालवतो, पावत्याही छापतो. तरी ज्या काट्यापुढं वीस बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे आहेत तिथं तो लावू नये. पीसी झोपेतून उठल्यावर हे डोंगल अनेकदा मुके होतात आणि काढून पुन्हा लावल्याशिवाय बोलत नाहीत.

आता रिअलटेक. किंमत साधारण दुप्पट-तिप्पट, आणि ती वसूल होते. ओळख ०बीडीए:८७७१. रिअलटेकच्या कंपनी क्रमांकाचं आणि यूएसबीच्या भाषेत ब्लूटूथ वर्गाचं कोणतंही उपकरण लागलं, की बीटीयूएसबी ते रिअलटेक म्हणूनच हाताळतो. वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. लागतं ते फर्मवेअर. या चिपमध्ये कायमस्वरूपी असलेलं सॉफ्टवेअर जुजबी असतं. खरं काम करणारी फाइल दर वेळी वीज आली की पीसीनं चिपमध्ये भरायची असते. फाइली दोन: आरटीएल८७६१बीयू_एफडब्ल्यू आणि आरटीएल८७६१बीयू_कॉन्फिग. दोन्ही लिब-फर्मवेअरच्या आत आरटीएल_बीटी या फोल्डरात असाव्या लागतात.

उबंटूत त्या लिनक्स-फर्मवेअर पॅकेजात येतात. डेबियनमध्ये फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेज घ्यावं लागतं, आणि डेबियन १२ पासून ते 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात आहे. जुन्या डेबियनवरून १२ वर अपग्रेड केलेल्या पीसीत हा विभाग सोर्सेस यादीत, म्हणजे पॅकेज कुठून घ्यायचं ते सांगणाऱ्या यादीत नसतो, म्हणून पॅकेज सापडत नाही. ज्या गावात नेट दिवसातून दोन तास नीट चालतं, तिथं जाण्याआधी हे पॅकेज पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

भरणा नीट झाला का, हेही डीमेसेजच सांगतं. 'आरटीएल: एक्झामिनिंग' या ओळीत एचसीआय आवृत्ती ०ए आणि एलएमपी सबव्हर्जन ८७६१ दिसलं पाहिजे. ०ए म्हणजे ब्लूटूथ ५.१. त्याखाली 'लोडिंग' आणि मग 'एफडब्ल्यू व्हर्जन' आलं की काम झालं. 'फेल्ड विथ एरर -२' आलं तर फाइल जागेवर नाही. अशा वेळी डोंगल मेलेला दिसत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो. यादीत येतो, कधी आजूबाजूचे फोन शोधूनही दाखवतो, पण जोडणी टिकत नाही. मग माणूस प्रिंटर बदलत बसतो.

फाइलीच्या नावातला शेवटचा 'यू' महत्त्वाचा. तो यूएसबीसाठी आहे. सुरुवातीच्या काही कर्नलांत 'यू' नसलेलं नाव मागितलं जाई, त्यामुळे नुसतं नाव बदलून फाइल टाकण्याचे सल्ले अजून फिरतात. ते करू नका. ५.१५ किंवा त्यापुढचा कर्नल घ्या. उबंटू २२.०४ सोबत ५.१५ येतो आणि डेबियन १२ सोबत ६.१.

आणखी एक खोच. फर्मवेअर बदलल्यावर नुसतं रीस्टार्ट पुरत नाही. रीस्टार्टमध्ये यूएसबी पोर्टची वीज बहुधा जात नाही, चिपमध्ये जुनंच फर्मवेअर राहतं, आणि ड्रायव्हर 'भरायची गरज नाही' असं समजून पुढं जाऊ शकतो. डोंगल काढा, दहा सेकंद थांबा, मग लावा.

काही डोंगलांत चिप हीच असते, पण ब्रँड स्वतःचा कंपनी क्रमांक लावतो. कर्नलला तो माहीत नसेल तर डोंगल साध्या ब्लूटूथसारखा धरला जातो आणि फर्मवेअर भरलंच जात नाही. यासाठी कर्नलमध्ये पाठवले जाणारे बदल एकेका ओळीचे असतात. अशी सुचवलेली ओळ पाहताना दोन गोष्टी तपासा. क्रमांकासोबत बीटीयूएसबी_रिअलटेक हे चिन्ह आहे का, आणि सोबतच्या वर्णनात कर्नलच्या यूएसबी यादीतला त्या डोंगलचा पूर्ण उतारा जोडला आहे का. उतारा नसेल तर देखभाल करणारे तो मागतात, आणि बरोबरच मागतात. त्यावरूनच कळतं की पाठवणाऱ्याच्या हातात वस्तू खरोखर होती. चालू पीसीवर न्यू_आयडी फाइलीत क्रमांक लिहून काम भागवण्याची युक्ती इथं चालत नाही. तिनं ड्रायव्हर चिकटतो, पण रिअलटेकचं चिन्ह लागत नाही.

डोंगलसोबत येणाऱ्या सीडीतला किंवा उत्पादकाच्या पानावरचा वेगळा लिनक्स ड्रायव्हर टाळा. तो बीटीयूएसबीशी भांडतो, दर कर्नल अपडेटला पुन्हा बांधावा लागतो, आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर चढू देणारी सोय) चालू असेल तर सहीशिवाय चढतच नाही. ऐन हंगामात रात्री अपडेट झालं आणि सकाळी काटा बंद, असं होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

डोंगल कुठं लावायचा हेही चिपइतकंच मोलाचं. निळ्या यूएसबी ३ पोर्टाजवळ, विशेषतः शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क असेल तर, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो आणि ब्लूटूथ नेमकं तिथंच बोलतं. काळ्या यूएसबी २ पोर्टात एक मीटरची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणा. पीसीच्या पाठीमागं, लोखंडी टेबलाखाली खोचलेल्या डोंगलला दहा मीटर तर दूरच, तीन मीटरही जड जातं. टिनाच्या शेडमध्ये पीसी आत आणि प्रिंटर बाहेर असेल तर मधल्या टिनातून काही जात नाही, डोंगल खिडकीशी आणावाच लागतो. जिनिंगमध्ये सरकीचा आणि रुईचा फुफाटा पोर्टात बसतो, म्हणून वायर लावून ठेवली की काढघाल कमी. एप्रिल-मेमध्ये टिनाखाली पीसीच्या मागची हवा हात लावू देत नाही. तिथंही वायरच कामाला येते.

डोंगलची आपोआप झोप बंद करा. मॉडप्रोब.डी फोल्डरात एक फाइल करून तिच्यात 'ऑप्शन्स बीटीयूएसबी एनेबल_ऑटोसस्पेंड=०' ही एक ओळ लिहा. काही पीसींवर फक्त एवढ्यानं 'थोड्या वेळानं प्रिंटर हरवतो' ही तक्रार मिटते.

प्रिंटर जोडताना ब्लूटूथसीटीएल या ब्लूटूथ जोडणीच्या कमांडमध्ये स्कॅन, पेअर आणि ट्रस्ट या क्रमानं जा. पिन बहुधा ०००० किंवा १२३४. मग आरएफकॉम बाइंड या कमांडनं चॅनल १ वर आरएफकॉम० हे सिरियल पोर्ट तयार होतं, पावती त्यावरच पाठवायची. वापरणाऱ्याला डायलआउट या सिरियल पोर्ट वापरू देणाऱ्या गटात घाला, नाहीतर परवानगी नाकारली जाते.

मराठी पावतीचा प्रश्न डोंगलचा नाही, पण शिव्या त्यालाच बसतात. या प्रिंटरांत देवनागरी अक्षरं सहसा नसतात. मजकूर तसाच पाठवला तर कचरा छापतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, हमालीची कपात हे सगळं चित्र करून पाठवावं लागतं. रुंदी ३८४ ठिपके, म्हणजे एका आडव्या ओळीला ४८ बाइट. मिलिमीटरला ८ ओळी धरल्या तर दहा सेंटिमीटरची पावती ८०० ओळींची, ३८,४०० बाइटची होते. हे सगळं एकदम ओतलं तर स्वस्त प्रिंटरची साठवण भरते, मधले बाइट गळतात, आणि उरलेलं चित्र तो अक्षरं समजून छापतो. अर्धी पावती नीट आणि पुढं चिनी-रोमन खिचडी, असं दिसलं की कारण हेच. चोवीस-चोवीस ओळींचे तुकडे करा आणि दोन तुकड्यांमध्ये ५० मिलिसेकंदांची उसंत द्या. तरी गळत असेल तर उसंत वाढवा.

आरएफकॉमची बांधणी रीस्टार्टनंतर राहत नाही. ती सिस्टमडीच्या, म्हणजे पीसी सुरू होताना कामं चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, एका छोट्या सर्व्हिसमध्ये, ब्लूटूथ सुरू झाल्यानंतर चालेल अशी टाका. नंतर पीसी पूर्ण बंद करून चालू करा, आणि काट्यावर कोणी यायच्या आत एक कोरी पावती काढून पाहा.