चिकन बंद, चिलापी-भात सुरू: कुत्र्याची खाज आणि केसगळती, काही महिन्यांनंतरचा हिशेब

सुरुवातीलाच निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. कुत्रा लॅब्रॅडॉर, नर, नसबंदी झालेला, वजन २८ किलो, मुक्काम सांगली. आधीचं खाणं चिकन-भात आणि सकाळी दूध-पोळी. मृगाच्या तोंडावर हे सगळं बंद करून फक्त चिलापी (तिलापिया मासा) आणि भात सुरू केला; आता दिवाळी उलटून गेली आहे. पंजे चाटणं बंद झालं, कानाचा आंबूस वास गेला, पोटाची आणि जांघांची लाली उतरली. केसगळती नजरेत भरेल इतकी कमी झाली, पण थांबलेली नाही. ती कुठल्याच खाण्यानं थांबत नाही, आणि थांबवून देतो म्हणणाऱ्या पुडीवर पैसे घालवू नयेत.

लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर वर्षातून दोनदा जोरात सुटतो, आपल्याकडे साधारण शिमग्याच्या आसपास आणि पुन्हा पाऊस ओसरल्यावर. फणीला केसांचे पुंजके येतात, पण खालची कातडी स्वच्छ असते, कुठं टक्कल नसतं आणि कुत्रा खाजवत नाही. हा ऋतूचा भाग. यावर रोज दहा मिनिटं फणी, एवढाच उपाय. केस मध्येच तुटलेले, कोंडा, एखाद्या जागी विरळ झालेली कातडी, चाटून चाटून तांबूस पडलेले पंजे, असं दिसलं तर मात्र आहाराचा विचार करायचा.

त्यातही दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनातला पाव ते तिसरा हिस्सा कातडी आणि केसांवरच खर्च होतो. दूध-पोळी, दूध-भाकरी खाणाऱ्या कुत्र्याला हे प्रथिन पुरत नाही. शिवाय गहू, ज्वारी, बाजरीतलं फायटेट नावाचं द्रव्य जस्त अडवून धरतं. त्यामुळे कोट, म्हणजे अंगावरचे केस, रुक्ष होतो, केस सहज सुटतात. अशा कुत्र्याला कुठलंही चांगलं मांस-अंडं मिळालं की दोन महिन्यांत फरक दिसतो. ती ॲलर्जी नव्हे, कुपोषण. ॲलर्जीत नेमकं उलट असतं: चांगलं, भरपूर प्रथिनच शरीराला खुपत असतं आणि तेच काढून टाकावं लागतं.

खाण्याला हात लावण्याआधी पिसवा आणि गोचीड यांचा निकाल लावा. पांढरा कागद ओला करा, त्यावर कुत्र्याला उभं करून शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी उलटी फिरवा. काळे कण पडले आणि पाण्यात त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असेल तर रंग पसरत नाही. पिसवांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही खाजवायला पुरतात, आणि त्याचे केस कमरेच्या मागच्या भागात, शेपटीच्या वर जातात. खाण्याची ॲलर्जी बहुधा पंजे, कान, तोंड, काखा, पोट आणि गुदद्वाराभोवती दिसते, बारा महिने असते, आणि बऱ्याचदा जोडीला दिवसातून तीन-चारदा शी, वायू, मऊ शी असते. कानाच्या कडा आणि कोपरं खरखरीत होऊन प्रचंड खाज असेल तर खरूज. डॉक्टरांकडून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. खाज अजिबात नाही, पण दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ, वजन वाढतंय, कुत्रा सुस्त, तर थायरॉइडची रक्ततपासणी करा. गुंतागुंतीच्या केससाठी सातारा जिल्ह्यातच शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही लक्षात असू द्या.

आपल्या भागातला आणखी एक संशयित म्हणजे गाजर गवत. पावसाळ्यात बांधावर, मोकळ्या प्लॉटवर, रस्त्याकडेला ते कमरेइतकं वाढतं. त्यातून फिरून आलेल्या कुत्र्याचं पोट, पंज्यांच्या फटी आणि काखा लाल होतात, म्हणजे नेमक्या त्याच जागा ज्या खाण्याच्या ॲलर्जीतही होतात. म्हणून आहाराची परीक्षा (ती कशी करायची ते पुढे आहे) सुरू असेपर्यंत फिरायचा रस्ता बदला आणि घरी आल्यावर चारही पाय आणि पोट साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करा. हे केलं नाही तर खाज कशानं वाढली आणि कशानं उतरली, काहीच कळत नाही.

आता चिकनच का बंद केलं? कुत्र्यांमध्ये अन्नाच्या ॲलर्जीला सर्वाधिक वेळा कारण ठरलेले पदार्थ म्हणजे गोमांस, दूध, चिकन आणि गहू. सांगली-साताऱ्यात कुत्र्याला घालायचं मांस म्हणजे चिकनच: सेंटरवरचे पाय, मुंडकी, कातडं, पिलू असल्यापासून. ॲलर्जी नव्या पदार्थाची क्वचितच असते. जे वर्षानुवर्षं खाल्लं त्याचीच बहुधा जडते. ‘इतकी वर्षं मानवत होतं’ हा बचाव म्हणूनच चालत नाही. रक्ताच्या, केसांच्या, लाळेच्या तपासणीतून अन्नाची ॲलर्जी खात्रीनं कळत नाही, त्यावर खर्च करू नका. खरी परीक्षा एकच: कधीही न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट (भातासारखा स्टार्चचा पदार्थ), किमान आठ आठवडे, दुसरं काहीही नाही. आठ आठवड्यांत खाण्याची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ कुत्र्यांत फरक दिसतो. तीन आठवड्यांत सोडून देणाऱ्यांची मेहनत वाया जाते.

चिलापी निवडली कारण आपल्याकडच्या कुत्र्यांनी ती सहसा खाल्लेली नसते, चरबी कमी असते आणि काटे काढायला सोपी. तुमच्या कुत्र्याला मासे माहीत असतील तर बोकडाचं मटण घ्या. २८ किलोच्या, घरात राहणाऱ्या कुत्र्यासाठी रोजचं माप असं: काटे काढलेली कच्ची चिलापी ५०० ग्रॅम, कच्चा तांदूळ १६० ग्रॅम, करडईचं तेल एक मोठा चमचा. साधारण ११८० किलोकॅलरी होतात. दोन वेळा विभागून. वजन दर आठवड्याला बघा आणि मासा-तांदूळ दोन्ही त्याच प्रमाणात कमी-जास्त करा. अख्ख्या चिलापीतून फिलेट जेमतेम तिसरा हिस्सा निघतं, म्हणजे रोज दीड किलो मासा; खर्चाचा अंदाज त्यावरून बांधा. मासा वाफवल्यावर परातीत पसरून बोटांनी चाचपून घ्या. पोटाकडच्या बाजूचे बारीक काटे तिथंच राहिलेले असतात. मीठ, हळद, आलं-लसूण काही नाही.

या खाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. रोज दीड ग्रॅमच्या आसपास लागतं: १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या तीन साध्या गोळ्या, स्वाद नसलेल्या, कुटून भातात. अंड्याच्या टरफलाची पूड एरवी चालते, पण परीक्षेच्या काळात नको, कारण टरफलाच्या आतल्या पापुद्र्यात अंड्याचं प्रथिन असतं. हा आहार प्रौढ कुत्र्यासाठी आठ-दहा आठवडे ठीक आहे. पिलाला किंवा गाभण कुत्रीला डॉक्टरांशिवाय देऊ नये. बदल सात दिवसांत करा: पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. एकदम बदललं की जुलाब होतात आणि लोक दोष माशाला देतात.

ही परीक्षा बहुतेक घरांत पातेल्याबाहेरच्या गोष्टींमुळे फसते. आजी दुपारी पोळीचा तुकडा टाकते. पोरं बिस्किट देतात. पाहुणे कंदी पेढे घेऊन येतात आणि प्रेमानं त्यातला एक कुत्र्यालाही जातो. तो म्हणजे दूध. गोचीड-पिसवांच्या चघळायच्या गोळ्यांना आणि जंताच्या काही गोळ्यांना मांसाचा स्वाद असतो, म्हणून या काळात मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांकडून घ्या. गोळी गिळवायला चीज वापरू नका, भाताच्या मुटक्यात घाला. चघळायची कातड्याची हाडं बंद. घरात दुसरं कुत्रं असेल तर दोघांची भांडी वेगळ्या खोलीत. शेजाऱ्यांनाही सांगावं लागतं, आणि हात जोडून सांगावं. बाहेरून एक घास गेला तर खाज पुन्हा उसळून दोन आठवडे राहू शकते, आणि मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

नोंद ठेवा. दर रविवारी खाजेला शून्य ते दहा असा आकडा द्या, आणि पंज्याची फट, काख, कान, पोट यांचे फोटो त्याच जागी, त्याच उजेडात काढा. केसगळतीसाठी दहा मिनिटं फणी फिरवून निघालेले केस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. ‘कमी वाटतंय’ यापेक्षा हा आकडा खरा. आधी शी बांधून येते, मग पोटाची लाली उतरते, पंजे त्यानंतर, कान सगळ्यात शेवटी. कानात किंवा कातडीवर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलेलं असेल, म्हणजे तेलकट, काळपट आणि वास, तर ते निव्वळ आहारानं जात नाही. डॉक्टरांनी दिलेला क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, अंगावर दहा मिनिटं ठेवून मग धुवायचा. दहा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून दहा. लगेच धुतला तर उपयोग नाही. कोयनेकडच्या पावसात तर कुत्र्याला धुण्यापेक्षा नीट कोरडं करणं जास्त महत्त्वाचं.

खाज उतरली म्हणून ॲलर्जी खाण्याचीच, असं ठरत नाही. ऋतू बदलूनही उतरते. म्हणून जुना पदार्थ मुद्दाम परत द्यावा लागतो. एका वेळी एकच: उकडलेलं चिकन दोन आठवडे. खाज परतली तर लगेच बंद, अंग शांत होईपर्यंत परत चिलापी-भात, मग पुढचा पदार्थ. प्रतिक्रिया काही तासांत ते १४ दिवसांत येते. आमच्याकडे चिकननं पंजे चाटणं परत सुरू झालं, पोळी आणि अंड्यानं काही झालं नाही. हे कळल्यामुळे पोळी आणि अंडं परत मिळालं आणि खाणं पुष्कळ स्वस्त झालं. हा टप्पा गाळणारे कुत्र्याला उगाच आयुष्यभर चार गोष्टींपासून तोडून ठेवतात. आठ आठवड्यांत काहीच फरक नाही पडला, तर कारण धुळीतले किडे, परागकण असं काही असतं. मग आहार जोडीला, मुख्य उपचार डॉक्टरांचा.

फिश ऑइल परीक्षेसोबत सुरू करू नका, नाहीतर श्रेय कोणाचं ते कळत नाही. नंतर सुरू करताना बाटलीवरच्या ‘१००० मिलिग्रॅम’ला फसू नका, ते तेलाचं वजन. मोजायचं ते ईपीए आणि डीएचए, म्हणजे त्यातली कामाची ओमेगा-३ मेदाम्लं, मिळून. साध्या कॅप्सूलमध्ये ते १८० अधिक १२०, म्हणजे ३०० मिलिग्रॅम असतं. खाजऱ्या कुत्र्याला रोज १० किलो वजनाला ७०० मिलिग्रॅम, २८ किलोला १५००, ४० किलोला २००० इतकं लागतं; म्हणजे २८ किलोला साध्या पाच कॅप्सूल. एका कॅप्सूलपासून सुरू करून तीन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर या. शी पातळ झाली तर एक पायरी मागे. ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना हे तेल चालू असल्याचं सांगा. परिणाम सहा ते आठ आठवड्यांनी, आधी नाही. कॉड लिव्हर ऑइल वेगळं. या मात्रेत त्यातून ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्व विषारी पातळीला जाऊ शकतं. जवस चांगलं, पण कुत्र्याचं शरीर त्याचं ईपीए-डीएचए फारच थोडं बनवतं. कोटाच्या चमकेसाठी करडईचं तेल उत्तम, कारण त्यात लिनोलेइक आम्ल, म्हणजे एक ओमेगा-६ मेदाम्ल, भरपूर; शेंगतेलात ते बरंच कमी.

कोकणातून बर्फात येणारी तारली किंवा बांगडा दिला तर कॅप्सूल कमी करता येतात. मात्र कल्ला उचलून बघा: लालभडक हवा. तपकिरी, चिकट झाला असेल तर घेऊ नका. अशा शिळ्या बांगड्यात हिस्टामिन, म्हणजे खाज-लाली आणणारं रसायन, तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, आणि खाजऱ्या कुत्र्याला त्यानं पुन्हा लाली येऊ शकते.

तासगाव-मिरज पट्ट्यातल्या लोकांना एक कळकळीची विनंती. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर, हे प्रत्येक कुत्र्यात वेगळं, म्हणून सुरक्षित माप नाहीच. बेदाण्याच्या शेडवर कुत्रा मोकळा सोडू नका, आणि खाल्लेले कळले तर उलटीची वाट न बघता लगेच दवाखाना. कांदा-लसूणही बंद, रस्सा भातावर ओतणं म्हणजे तेच देणं. अंडं शिजवूनच, कारण कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतं.

घरात माणसाला कुत्र्याची ॲलर्जी असेल तर या आहारानं ती जाणार नाही. ती केसांची नसते, लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनाची असते. कोंडा कमी झाला तर थोडा फरक पडतो, इतकंच; झोपायची खोली कुत्र्याला बंद ठेवणं जास्त कामाचं.

रोज मासा शिजवणं जमत नसेल तर तयार खाणं घ्या, पण पिशवीच्या पुढचा ‘सामन’ किंवा ‘ओशन फिश’ वाचून नव्हे. मागची बारीक अक्षरं वाचा: बऱ्याचदा तिथं चिकन मील, पोल्ट्री फॅट, अंडं निघतं. नुसती परीक्षा करायची असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड खाणं जास्त खात्रीचं, कारण त्यातलं प्रथिन इतकं बारीक तोडलेलं असतं की शरीर ते सहसा ओळखत नाही. साध्या दुकानातल्या खाण्यात लेबलवर नसलेलं मांसही मिसळलेलं सापडतं. सध्या आमच्याकडे निम्मं माशाचं तयार खाणं, निम्मं घरचं: चिलापी, भात, एक उकडलेलं अंडं. लहान पिशवी घेतो, महिन्यात संपणारी, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात. पावसाळ्यात उघड्या पिशवीत साठवणीतले बारीक किडे वाढतात आणि धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला तेही खुपतात. कॅप्सूलची बाटली फ्रिजमध्ये; एखादी फोडून वास घ्या, जुन्या रंगासारखा उग्र वास आला तर सगळी बाटली टाकून द्या.