सदरलंडमधला सालमनचा आठवडा आणि त्यानंतरचे नऊ महिने

जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, सदरलंडमध्ये, नदीकाठच्या एका लॉजवर सालमनच्या फ्लाय फिशिंगसाठी राहून आले. त्याला आता नऊ महिने होतील. त्यासाठी घेतलेला रॉड, वेडर्स (पाण्यात उतरताना घालायची, पाणी आत न येणारी विजार) आणि बूट पुढे ऑक्टोबरअखेरपर्यंत अ‍ॅबर्डीनच्या डॉन नदीवर जवळजवळ दर शनिवारी वापरले, त्यामुळे लॉज आणि सामान दोन्हींबद्दल आता खात्रीने लिहिता येतं. लॉजचं नाव देत नाही. आठ माणसांची छोटी जागा आहे आणि जे खटकलं ते मालकांना पत्राने कळवलं आहे.

मी मूळची संगमेश्वरची. लहानपणी बाबांबरोबर शास्त्री नदीच्या डोहांवर गरवायला जायचे. बांबूची काठी, गांडूळ आणि तासन्‌तास गप्प बसणं. अ‍ॅबर्डीनला येऊन अकरा वर्षं झाली, तरी इथल्या नदीत गळ टाकायचं धाडस होत नव्हतं, कारण इथली पद्धत वेगळी, सामान महाग आणि नियम माहीत नसलेले.

आधी एक खुलासा, कारण घरून प्रत्येकाने हेच विचारलं. सालमन म्हणजे आपला रावस नव्हे. बाजारात रावसाला ‘इंडियन सालमन’ म्हणतात एवढंच, दोघांचं कूळ वेगळं. वागण्याच्या दृष्टीने सालमन आपल्या चढणीच्या माशांच्या जवळचा. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तसंच हे. फरक इतकाच की सालमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि बहुतेक वेळा आपल्या जन्माच्या नदीतच परततो. नदीत शिरला की तो खाणं बंद करतो. उपाशी माशाला आमिष दाखवणं मला माहीत होतं. न खाणाऱ्या माशाला गळावर पिसं आणि केस बांधून केलेली नकली माशी (फ्लाय) दाखवायची, हे तिथे शिकले. तो तोंड का घालतो यावर मासेमारांची वेगवेगळी मतं आहेत. कोणी म्हणतं चिडून, कोणी म्हणतं लहानपणच्या सवयीने.

आठवड्याचे मी १,९०० पौंड भरले, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. त्यात राहणं, तिन्ही वेळचं जेवण, नदीचा ठरलेला पट्टा (त्याला इथे ‘बीट’ म्हणतात) आणि दोन रॉडांमागे एक गिली, म्हणजे नदीवरचा वाटाड्या. गिली हा गेलिक शब्द, मूळ अर्थ पोरगा. आमचे गिली साठीच्या पुढचे होते. स्कॉटलंडमध्ये रॉडसाठी सरकारी परवाना लागत नाही, पण सालमनसाठी नदीच्या मालकाची लेखी परवानगी हवीच, आणि पैसे मुख्यतः तिचे असतात. मासा मिळण्याची हमी कोणीच देत नाही. रविवारी सालमन धरायला कायद्याने बंदी आहे, म्हणून मासेमारीचे दिवस सोमवार ते शनिवार, सहाच.

मी शनिवारीच पोचले होते. इनव्हर्नेसहून लेर्गपर्यंत रस्ता चांगला आहे. पुढे एकेरी रस्ता, समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबायचं. पेट्रोल लेर्गलाच भरून घ्या. पुढे मोबाइलची रेंज जाते ती जातेच. वाटेत लागणाऱ्या अल्टनाहारात ३० डिसेंबर १९९५ ला उणे २७.२ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. ब्रिटनमधल्या नीचांकाशी बरोबरी करणारं. रविवारी मोकळा वेळ होता म्हणून स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातल्या रोझल या उठवलेल्या गावाच्या जागी गेले. मेंढ्यांच्या कुरणांसाठी या खोऱ्यातली गावं १८१४ ते १८१९ च्या दरम्यान रिकामी केली गेली. गवतात दगडी जोत्यांच्या रांगा दिसतात, बाकी काही नाही. धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं मी ओळखते, त्यामुळे तिथून लवकर पाय निघाला नाही. इतकं सुंदर खोरं इतकं निर्मनुष्य का, हे समजून घ्यायचं असेल तर ही एक सकाळ राखून ठेवा.

आता नदी. सोमवार ते बुधवार कडक ऊन. पाणी इतकं उतरलेलं की दगडांच्या पाठी कोरड्या. असं असलं की मासे वर चढत नाहीत, नदीच्या मुखाशीच पावसाची वाट बघत थांबतात. या तीन दिवसांत आम्हा आठ जणांपैकी कोणालाच मासा मिळाला नाही आणि त्यात लॉजचा काही दोष नव्हता. पण चौकशी करताना मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगते: छोट्या नदीवर जून घेताना तुम्ही पावसावर पैसे लावत असता. स्कॉटलंडच्या पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर नद्यांची पातळी दिसते. निघण्याआधी आठवडाभर ती बघत राहा, म्हणजे निदान मनाची तयारी होते.

त्या तीन दिवसांचा मला मात्र उपयोग झाला, कारण गिलींनी माझं फेकणं सुधारलं. दोन हातांनी धरायचा तेरा फुटी रॉड, मागे झाडं, त्यामुळे लाइन डोक्यावरून मागे नेता येत नाही. ती पाण्यावरच टेकवून, रॉडच्या मागे तिचा पोटासारखा वळसा करून पुढे फेकायची, याला स्पे कास्ट म्हणतात. नाव स्पे नदीवरून आलेलं. वारा प्रवाहाच्या उलट वाहत असेल तर सिंगल स्पे, प्रवाहाच्या दिशेने असेल तर डबल स्पे. चुकलं तर माशीचा गळ आपल्याच कानाशी येतो, म्हणून चष्मा आणि टोपीशिवाय नदीत पाऊल टाकू नका. मी एप्रिलमध्ये दोन तासांची शिकवणी घेतली होती, ती फार तोकडी पडली. निदान चार-पाच शिकवण्या घेऊन जा. आठवड्याला लाखांत पैसे भरून पहिले दोन दिवस लाइन सोडवण्यात घालवणं योग्य नाही, आणि मी ते दोन दिवस तसेच घालवले.

बुधवारी संध्याकाळी एक मासा लागला होता. लाइन थबकली आणि मी सवयीने हिसका दिला, जसा बांबूच्या काठीला देतात तसा. माशी त्याच्या तोंडातून निघून आली. गिली रागावले नाहीत. त्यांनी माझ्या डाव्या हाताची बोटं उघडून लाइनचा एक सैल फास त्यात ठेवला आणि म्हणाले, तो घेईल, वळेल, हा फास ओढून नेईल, तोवर हात हलवायचा नाही.

बुधवारी रात्री पाऊस आला. गुरुवारी सकाळी काठावरच्या मोजपट्टीवर पाणी आठ इंच चढलेलं, रंग कोऱ्या चहाचा, कारण या भागात सगळीकडे पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, आहे. गिलींनी माश्या ठेवायच्या वहीतून ‘कॅस्केड’ नावाची छोटी नारिंगी माशी काढून बांधली. डोहाच्या माथ्यापासून सुरुवात केली: आडवी-खाली फेक, माशीने प्रवाहातून कमान घेत काठाशी यायचं, दोन पावलं खाली, पुन्हा फेक. साधारण पंचविसाव्या फेकीला पाण्याखालच्या एका मोठ्या दगडाच्या पुढे लाइन जड झाली. बोटांतला फास हळूच सरकत गेला, घाई न करता, कोणी दोरा मागून घ्यावा तसा. मग रील ओरडायला लागली. मी रॉड उचलला तेव्हा मासा पार डोहाच्या शेपटाशी होता.

बारा-तेरा मिनिटं लागली. जाळ्यात आला तेव्हा कळलं की ‘ताजा’ या शब्दाचा अर्थ काय. पाठ पोलादी निळी, पोट चांदीसारखं, आणि शेपटीजवळ दोन-तीन समुद्री उवा चिकटलेल्या, त्यांना मागे लांब धागे. हे अंड्यांचे धागे गोड्या पाण्यात लवकर गळतात, म्हणजे हा मासा एक-दोन दिवसांपूर्वी समुद्रात होता. ग्रिल्स होता, समुद्रात एकच हिवाळा काढून परतलेला. लांबी चौसष्ट सेंटिमीटर. गळाला उलटा काटा नव्हता, चिमट्याने एका झटक्यात निघाला. मासा पाण्याबाहेर काढलाच नाही. एक हात शेपटीच्या देठाला, दुसरा छातीखाली, तोंड प्रवाहाकडे. कल्ले उघडत-मिटत होते. मग माझ्या मुठीत ती शेपटी घट्ट झाली, एकदा जोरात हलली, आणि हात रिकामा झाला.

रात्री लॉजच्या वायफायवरून बाबांना फोन केला. “एवढा मोठा मासा हातात आला आणि सोडलास?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी आकडे सांगितले. २०२३ मध्ये साऱ्या स्कॉटलंडमध्ये रॉडवर मिळून ३२,४७७ सालमन नोंदले गेले, १९५२ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कमी आकडा. ब्रिटनमधला सालमन आता संकटग्रस्त यादीत आहे. नद्यांना दर वर्षी दर्जा ठरवून दिला जातो, तिसऱ्या दर्जाच्या नदीत प्रत्येक मासा सोडावाच लागतो, आणि १ एप्रिलपूर्वी तर कुठेच ठेवता येत नाही. आमच्या लॉजचा नियम त्याहून कडक, सगळे सोडायचे. बाबा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्याकडेही चढणीचे मासे पोटात गाभोळी असतानाच धरले, ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकून मारले, आता पहिल्या पावसाला पऱ्यात उतरलं तर पायाला काही लागत नाही. “बरं केलंस,” म्हणाले.

खाण्यासाठी सालमन हवा असणाऱ्यांनी हा खर्च करूच नये. रॉडने धरलेला सालमन विकायलाही स्कॉटलंडमध्ये २००२ पासून बंदी आहे. दुकानात दिसतो तो जवळजवळ सगळा मत्स्यशेतीतला.

लॉजबद्दल थोडक्यात. खोल्या स्वच्छ, गरम पाणी भरपूर, ओले कपडे वाळवायची खोली उत्तम, आणि हीच खोली सगळ्यात महत्त्वाची. जेवण चांगलं पण हरणाचं मांस आणि बटाटे यांच्याभोवती फिरणारं. शाकाहारी असाल तर आधी सविस्तर लिहून कळवा, मोघम कळवल्यावर माझ्याबरोबरच्या एका बाईंना चार रात्री चीज घातलेला तोच पदार्थ मिळाला. मिज नावाचे बारीक कीटक संध्याकाळी वारा पडला की ढगासारखे येतात. डोक्यावरची जाळी घ्याच. रात्री साडेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतरही उजेड राहतो, त्यामुळे जेवणानंतर पुन्हा नदीवर जाता येतं. ते दोन तास मला दिवसभरापेक्षा आवडले. गिलींना शेवटच्या दिवशी बक्षिसी देण्याची पद्धत आहे, तेवढी रोख रक्कम जवळ ठेवा, कारण एटीएम जवळपास नाही.

सामानापैकी वेडर्सनी निराशा केली. मधल्या किमतीचे घेतले होते. लॉजवर कोरडे राहिले, पण सप्टेंबरमध्ये डाव्या मांडीच्या आतल्या शिवणीतून पाणी यायला लागलं. विकणाऱ्याने तीन आठवडे उत्तर दिलं नाही, मग ‘वापराने झीज’ म्हणून बदलून द्यायला नकार दिला. चार महिन्यांत शिवण उसवली तर तिला झीज म्हणणं मला पटलेलं नाही. शेवटी स्वतःच दुरुस्त केले: वेडर्स उलटे करून आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारलं, भोकं होती तिथे गडद ठिपके उमटले, त्यांवर युरेथेनचा गोंद लावून रात्रभर ठेवला. ऑक्टोबरभर पाणी आलं नाही. ओले घडी करून गाडीत ठेवू नका, पाय वर करून टांगा. कमरेचा पट्टा नदीत कायम आवळलेला हवा; पाय घसरला तर वेडर्समध्ये पाणी भरण्याला तोच आवर घालतो.

बूट रबरी तळाचे, खिळे लावलेले. उत्तम. रॉडही उत्तम, फक्त स्पे कास्टमध्ये त्याचे सांधे फिरून सैल होतात. दुसऱ्याच दिवशी वरचा तुकडा अर्धा इंच बाहेर आला होता आणि तसाच फेकत राहिले असते तर तडकला असता. तेव्हापासून सांध्यांवर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी गुंडाळते. लाइन महिन्यातून एकदा कोमट साबणपाण्याने पुसली की पहिल्यासारखी सरकते. नकली माश्या मी पस्तीस घेतल्या होत्या, वापरल्या पाच.

डॉनवर पुढे ऑक्टोबरअखेरपर्यंत दोन मासे मिळाले, दिवसाच्या तिकिटावर, लॉजच्या खर्चाच्या मानाने किरकोळ पैशांत. मग लॉज कशाला, असं कोणी विचारेल. डॉनवर मी फेकते, पण दगड कुठे आहे आणि एवढ्या पाण्यात मासा त्याच्या पुढे थांबेल की मागे, हे मला अजून दिसत नाही. त्या सहा दिवसांत शेजारी उभं राहून ते दाखवणारं माणूस होतं. टे नदीवर ७ ऑक्टोबर १९२२ ला जॉर्जिना बॅलंटाइन यांनी ६४ पौंडांचा सालमन धरला. ब्रिटनमध्ये रॉडवर मिळालेल्या सालमनचा तो विक्रम आजही त्यांच्या नावावर आहे. त्या दिवशी होडीत त्यांचे वडील बरोबर होते. गिलींनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मला शास्त्रीचा काठ आठवला.

पुन्हा जाणार आहे, पण जूनमध्ये नाही. सप्टेंबरचा पहिला आठवडा घेतलाय, भाडं जास्त आहे, पण तोवर नदीला पाणी येण्याची शक्यता बरी. बाबा येतायत. सत्तरी ओलांडलेली, त्यामुळे खोल पाण्यात उतरवणार नाही. गुडघाभर पाण्यातून पोचता येतील असे दोन डोह गिलींनी सुचवले आहेत. बाबांच्या मापाचे वेडर्स लॉजवर भाड्याने मिळतील का, ते विचारलंय. उत्तर यायचंय.