घडीची व्हीलचेअर, साताऱ्याच्या चढउतारावर
स्टीलची, २४ इंची मागची चाकं असलेली साधी घडीची व्हीलचेअर घरात छान चालते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गल्ल्यांत मात्र ब्रेक तपासूनच घ्या. तो थेट टायरवर दाबतो. हवा कमी झाली की पकड सुटते आणि खुर्ची माणसासकट घसरते. दर आठवड्याला हवा भरा. तरीही सरकली, तर ब्रेकचे बोल्ट सैल करून तो टायरकडे सरकवा, पुन्हा आवळा. तीव्र उतारावर मदतनीसाने खुर्ची उलटी वळवून स्वतः उलट्या पावलांनी मागे चालत उतरावं. सरळ उतरवली तर बसलेला माणूस पुढे कोसळू शकतो. भरीव टायर पंक्चर होत नाहीत, धक्के मात्र जास्त. सीट नितंबांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक इंच मोठी हवी. सैल सीटवर माणूस एका कुशीला कलतो, म्हणून माप घेतल्याशिवाय खरेदी नकोच.