चंदू की तांबे? एकच संध्याकाळ असेल तर

सलग तिसऱ्या वर्षी भाच्याचं नाव क्रिकेटच्या निवड यादीत नव्हतं. यादी लागली त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, "तू बोल रे त्याच्याशी, तू खेळलायस." मी खेळलोय म्हणजे मुंबईत भर पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये चार मोसम. गुडघाभर गवतात अडकलेले चौकार आणि डब्यात भिजलेली पोळी, एवढीच माझी कारकीर्द. त्या भांडवलावर पंधरा वर्षांच्या पोराला सांगणार काय? म्हणून म्हटलं, बोलण्यापेक्षा शनिवारी सिनेमा दाखवू.

नावं दोनच डोळ्यांसमोर होती, 'चंदू चॅम्पियन' आणि 'कौन प्रवीण तांबे?'. दोन्ही खऱ्या मराठी माणसांवरचे, दोन्ही हिंदी, आणि दोन्हींत श्रेयस तळपदे आहे. 'तांबे'त तो नायक, 'चंदू'त पोलीस इन्स्पेक्टर. 'झुंड' का नाही, असं कुणी विचारेलच. माझ्या मते तो या दोघांपेक्षा मोठा सिनेमा आहे, पण जवळजवळ तीन तासांचा, आणि हिरमुसलेल्या पोराला तीन तास एका जागी बसवणं मला जमणारं नव्हतं.

आधी गोष्टींबद्दल. 'चंदू' ज्यांच्यावर आहे त्या मुरलीकांत पेटकरांचं आयुष्य कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने "जरा अती होतंय" म्हणून परत पाठवलं असतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा मुलगा, सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागात जवान, तिथे बॉक्सर. 1965च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मग 1972मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचं सुवर्ण, 37.33 सेकंदांत, विश्वविक्रमासह. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. आणि त्यानंतर आपण सगळे त्यांना विसरलो. पद्मश्री मिळाली ती 2018 साली.

तांबेची गोष्ट यापुढे किरकोळ वाटेल. युद्ध नाही, गोळी नाही, पदक नाही. मुंबईतल्या एका माणसाला रणजी खेळायची आहे आणि कुणी त्याला घेत नाही. वीसेक वर्षं घेत नाही. तो कंपनीच्या संघाकडून खेळतो, नोकऱ्या बदलतो, रात्री बारमध्ये वेटरचं काम करतो, मध्यमगती सोडून लेगस्पिनवर येतो, आणि तरीही कुणी घेत नाही. शेवटी 2013मध्ये, वयाच्या 41व्या वर्षी, एकही प्रथम दर्जाचा सामना न खेळता तो राजस्थानकडून आयपीएलमध्ये उतरतो.

कागदावर तुलना तिथेच संपते. पेटकरांची गोष्ट कितीतरी मोठी, आणि दिग्दर्शक कबीर खानने ती पैसा ओतून काढली आहे. छावणीवरच्या हल्ल्याचा लांबलचक सलग शॉट बघताना मी थिएटरमध्ये खुर्चीचा हात धरून बसलो होतो. विजय राजने केलेला प्रशिक्षक तर असा, की माझ्या आयुष्यात असा एक जरी भेटला असता तर... असो. पेटकर झालेल्या कार्तिक आर्यनने शरीरावर घेतलेली मेहनत दिसते. सुरुवातीला लहानग्या मुरलीला खाशाबा जाधवांचं 1952च्या ऑलिंपिक पदकानंतरचं स्वागत दिसतं, तो प्रसंग माझ्यासारख्या कऱ्हाडकडच्या माणसाला सरळ आजोबांच्या ओसरीवर नेऊन बसवतो. तेव्हा 'चंदू' वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये.

माझं घोडं अडलं ते पोलीस ठाण्यात.

ज्यांनी पाहिलाय त्यांच्या लक्षात आलं असेल. म्हातारे पेटकर ठाण्यात येतात, थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायची म्हणतात, आणि इन्स्पेक्टरला आपली कहाणी सांगू लागतात. कल्पना झकास आहे. पण मग दर थोड्या वेळाने आपण ठाण्यात परत. छावणीतून ठाण्यात, हॉस्पिटलातून ठाण्यात, तलावातून ठाण्यात. तिथे बसलेली माणसं आधी हसतात, मग आ वासतात, मग त्यांचे डोळे भरतात. आपल्याला काय वाटायला हवं ते आपल्याआधी त्यांना वाटून झालेलं असतं. लग्नाच्या जेवणात कुणी शेजारी बसून "जिलबी कशी झालीये, अं? अं?" करत राहिला की जिलबीची चव जाते, तसं काहीसं. थिएटरमध्ये पहिल्या दोन वेळांना मी सोडून दिलं. तिसऱ्यांदा ठाणं आलं तेव्हा शेजारच्या सीटवरचा माणूस लघवीला उठला. मला त्याचा हेवा वाटला.

न्यायाने बोलायचं तर 'तांबे'मध्येही असा एक मध्यस्थ आहेच. परमब्रत चटर्जीने केलेला पत्रकार गोष्ट सांगतो, आणि त्याचा आवाज काही ठिकाणी मलाही जास्त झाला. पण हा माणूस कडवट आहे. बराच वेळ त्याला प्रवीणचं काडीचं कौतुक नाही, उलट या माणसाने आता हा नाद सोडावा असंच त्याचं मत. त्यामुळे होतं काय, की प्रवीणची बाजू आपल्याला घ्यावी लागते. पडद्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही म्हणून आपले हात शिवशिवतात. ठाण्यातल्या श्रोत्यांनी माझं काम काढून घेतलं होतं, या खडूस पत्रकाराने ते मला परत दिलं. निदान माझ्यापुरता फरक तिथे पडला. दुसऱ्या कुणाला ठाणंच आवडेल, वाद नाही.

आता मेकअप. इथे दोन्ही सिनेमे उलट दिशांनी फसतात आणि त्याची मला गंमत वाटते. 'चंदू'मध्ये तरुण नटाला म्हातारा केलंय आणि ते चेहऱ्यावर चिकटवलेलं दिसतं. 'तांबे'मध्ये चाळिशी ओलांडलेला तळपदे विशीतला पोरगा म्हणून पळतो, आणि पहिला अर्धा-पाऊण तास ते काही पटत नाही. त्याचाच 'इक्बाल'मधला कोवळा बोलर आठवत असेल तर जरा जास्तच टोचतं, 'तांबे' आला तेव्हा सतरा वर्षं झाली होती त्याला. पण 'तांबे' पुढे सरकतो तसं पात्राचं वय नटाच्या वयाला येऊन मिळतं. डोळ्यांखालची सूज, वाकल्यावर कमरेवर आपसूक जाणारा हात, हे सगळं मग खरंच वाटायला लागतं. 'चंदू'त तो म्हातारा मेकअप बसलाय नेमका ठाण्यात, म्हणजे जिथे आपल्याला पुन्हा पुन्हा जायचंय तिथेच.

भाषेचंही सांगून टाकतो, थोडक्यात. 'हसता कायको है' हे वाक्य पोरांच्या तोंडी बसलं, भाच्याच्याही. पण इस्लामपूरकडच्या माणसाच्या तोंडी 'कायको' ऐकून माझा कान जरा खटकला. 'तांबे'मध्ये छाया कदम, अरुण नलावडे, अंजली पाटील घरात वावरतात तेव्हा हिंदी बोलत असूनही घर मराठीच राहतं. आई बोलता बोलता गप्प होते, ती कशी गप्प होते ते बघा.

आणि एक प्रसंग असा नाही, पण एक गोष्ट या सिनेमाला कळलीय जी क्रिकेट न खेळलेल्याला कदाचित दिसणारही नाही. नाकारलं जाणं म्हणजे दर वेळी दार तोंडावर आपटणं नसतं. माझ्या एका निवड चाचणीत मला नेटमध्ये सहा बॉल मिळाले होते. चौथा चांगला पडला, बॅट्समन चकला. मी वळून पाहिलं तर निवड करणारे दोघंही चहावाल्याकडे सुट्टे पैसे शोधत होते. कुणी दुष्ट नव्हतं. तेवढा एक बॉल पाहिला गेला नाही, इतकंच. 'तांबे'मध्ये हे असलं नाकारणं आहे, साधं, कंटाळवाणं, पुन्हा पुन्हा होणारं. भाच्याच्या वाट्याला आलेलं तेच होतं. त्याला कुणी गोळी मारली नव्हती. पेटकरांकडे बघून तो म्हणाला असता, "मामा, ते ग्रेटच आहेत, पण माझं काय?"

तरी काही घरांत मी 'चंदू'च सुचवेन. लहान मुलं असतील, दहा-बारा वर्षांची, तर त्यांना हाच आवडेल: गाणी आहेत, बॉक्सिंग आहे, राजपाल यादव आहे, शेवटी झेंडा आहे. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, अपघातातून उठत असेल, तर प्रश्नच नाही. प्रोजेक्टर आणि मोठी भिंत असेल तरीही 'चंदू', तो मोठ्या पडद्यासाठीच काढलाय. 'तांबे' थेट ओटीटीवर आला होता आणि घरच्या टीव्हीवर त्याचं काही बिघडत नाही. त्यातही एक-दोन भाषणं कापली असती तर बरं झालं असतं. प्रशिक्षकाचं 'एक चांगली ओव्हर' प्रकरण मला दुसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं.

'चंदू'च्या बाजूने आणखी एक, आणि हे वजनदार आहे. पडद्यावरचे पेटकर अर्जुन पुरस्कारासाठी तक्रार करत होते. सिनेमा जून 2024मध्ये आला आणि जानेवारी 2025मध्ये त्यांना अर्जुन जीवनगौरव मिळाला. दोन्हींचा संबंध होता की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी बातमी वाचून मी ठाण्यावरचा राग थोडा कमी केला.

तर शनिवारी 'तांबे' लावला. भाचा सोफ्याच्या टोकाला, उशी पोटाशी, मोबाइल मांडीवर. मी गुपचूप मोजत होतो. पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा मोबाइल उचलला. बारमधल्या वेटरच्या कामापर्यंत आलो आणि मोबाइल उशीखाली गेला तो गेलाच. संपल्यावर त्याने डोळे वगैरे पुसले नाहीत. "छान होता" म्हणाला, फ्रीजमधून पाणी प्यायला, आणि मग तांबेच्या खऱ्या ओव्हर शोधत बसला.

त्याला 5 मे 2014चा अहमदाबादचा सामना सापडला. राजस्थानच्या 170 धावांचा पाठलाग करताना कोलकाता बिनबाद 121, आणि बघता बघता 6 बाद 123. आधी वॉटसनने तीन काढले, मग 42 वर्षांच्या तांबेने तीन. मनीष पांडे वाइड बॉलवर यष्टिचीत, युसूफ पठाणचा झेल स्वतःच्याच हातात, टेन डोशाटे पायचीत. ती क्लिप त्याने तीनदा मागे नेली.

"मामा, पहिली विकेट वाइडवर आहे. हॅटट्रिकमध्ये धरतात?"

"धरतात. विकेट ती विकेटच."

"आणि वाइड ओव्हरमध्ये मोजत नाहीत, म्हणजे दोनच बॉलमध्ये हॅटट्रिक?"

मी हो म्हणालो. तो कपाटाकडे गेला आणि जुना टेनिस बॉल शोधायला लागला.