भरीत पार्टीनंतर कोणता लावावा : ‘तलाश’ की ‘वजीर’?

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यातल्या यावलजवळच्या आमच्या मळ्यात भाऊबंदांची भरीत पार्टी ठरलेली असते. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या खायच्या आणि मग पांढऱ्या चादरीवर एखादा चित्रपट पाहायचा, असा प्रघात पडला आहे. यंदा रीमा कागती यांचा ‘तलाश’ (2012) आणि बिजॉय नांबियार यांचा ‘वजीर’ (2016) ही दोनच नावे उरली असून, त्यांतला कोणता लावावा हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

दोन्ही कथांचा पाया एकच आहे. नायक पोलीस खात्यातला, त्याचे लहान मूल गेलेले, दोष आपलाच असे त्याला वाटते आणि त्यामुळे बायकोशी त्याचे बोलणे तुटलेले. ‘वजीर’मधला दानिश (फरहान अख्तर) मात्र लवकरच सूडाच्या वाटेला लागतो. अमिताभ बच्चन यांनी रंगवलेले, दोन्ही पाय गमावलेले पंडितजी त्याच्यासमोर बुद्धिबळाचा पट मांडतात, तिथून दुःख मागे पडते आणि डाव पुढे सरकतो. त्या दोघांचे पटावरचे प्रसंग चित्रपटात सर्वांत सरस आहेत. परंतु शेवटचे रहस्य बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रेक्षकाच्या लक्षात बरेच आधी येते, आणि अदिती राव हैदरीची पत्नी जवळजवळ विसरली जाते, ही मला मोठी उणीव वाटते.

‘तलाश’मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून एका नटाची गाडी समुद्रात कोसळते. तपास करणारा सुर्जन (आमिर खान) रात्र रात्र जागा असतो, कारण सहलीत बुडालेल्या मुलाला आपण अडवायला हवे होते, हा विचार त्याला झोपू देत नाही. तो क्षण वेगळा घडला असता तर, याची चित्रे तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा रंगवतो. मृतांशी बोलते असे सांगणाऱ्या शेजारणीकडे त्याची पत्नी (राणी मुखर्जी) जाऊ लागते, तेव्हा तो चिडतो, आणि त्या चिडण्यातच त्याची भीती दिसते. रहस्य आधीच ठाऊक असले तरी चित्रपट फिका पडत नाही, कारण खरी उत्सुकता हे दोघे पुन्हा एकमेकांशी बोलतील का, याचीच असते. तर्काला सोडून काही चालत नसेल, त्यांनी मात्र जपून पाहावा.

माझे मत ‘तलाश’ला आहे. अडचण एवढीच, की पाटात मुलगा गमावलेली आमची एक काकू दरवर्षी पार्टीला येते. तिला आधी कथा सांगून विचारीन. ती नको म्हणाली, तर पावणेदोन तासांच्या आत संपणारा ‘वजीर’ लावू, कारण त्यात निदान पाणी तरी नाही. हो म्हणाली, तर जेवणे थोडी लवकर उरकावी लागतील. ‘तलाश’ 2 तास 20 मिनिटांचा आहे आणि डिसेंबरात मळ्यात रात्री दहानंतर शेकोटीही पुरत नाही.