कोरल ड्रॉमधील ऑटो-बॅकअप: लग्नसराईत कसाला लागलेली सोय

गेल्या वैशाखात एका चार पानी लग्नपत्रिकेचे काम चालू होते. निमंत्रक, आप्तेष्ट आणि आजोळकडची मंडळी मिळून दीडशेच्या वर नावे जुळवून झाली होती, शेवटचा ‘किलबिल’चा मजकूर बसवत होतो आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच उतरलेली असल्याने संगणक त्याच क्षणी बंद पडला. वीज आल्यावर कोरल ड्रॉ हा पत्रिका-फलक आखण्याचा प्रोग्रॅम उघडला, तेव्हा अर्धवट राहिलेल्या फाइलची प्रत परत हवी आहे का, असे विचारणारी चौकट समोर आली. ‘ओके’ दाबताच आजोळच्या शेवटच्या नावापर्यंतची पत्रिका जशीच्या तशी उघडली; गेली ती फक्त पोराटोरांची नावे, आणि ती पाच मिनिटांत पुन्हा टाइप झाली.

आपोआप प्रत काढून ठेवणाऱ्या या ऑटो-बॅकअपचे मला सर्वांत पटलेले वैशिष्ट्य म्हणजे ते मूळ फाइलला हात लावत नाही. आपण ठरवून दिलेल्या मिनिटांनी, उघड्या असलेल्या आणि बदल झालेल्या फाइलींची वेगळी प्रत ते काढून ठेवते, त्यामुळे गिऱ्हाइकाने पसंत केलेले प्रूफ (छपाईपूर्वीचा नमुना) आपण स्वतः सेव्ह करीपर्यंत जसेच्या तसे राहते. मी ही मुदत 10 मिनिटे ठेवली आहे. मोठ्या फ्लेक्सच्या फाइलीत भरपूर फोटो असतील तर प्रत निघताना काम क्षणभर अडते, परंतु घाईच्या वेळी एस्केप दाबून ती प्रत थांबवता येते.

माझा आक्षेप आहे तो प्रत ठेवण्याच्या जागेविषयी. आपण काही बदलले नाही तर ही प्रत टेम्प फोल्डरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये जाते, आणि संगणक हळू चालू लागला की टेम्प रिकामे करण्याची सवय आपल्याकडे दुकानोदुकानी आहे. म्हणून ऑप्शन्समधील सेव्हच्या पानावर जाऊन स्वतःचे एक फोल्डर नेमून देणे, हे कोरल ड्रॉ बसवल्यावर करायचे पहिले काम समजावे. दुसरी काळजी प्रत परत हवी का, असे विचारणाऱ्या त्या चौकटीची. तेथे ‘कॅन्सल’ दाबले आणि नंतर प्रोग्रॅम रीतसर बंद केला, तर ती प्रत पुसली जाते. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने असेच घाईत ‘कॅन्सल’ दाबले आणि अर्ध्या दिवसाचे काम गेले. इतक्या नाजूक जागी प्रोग्रॅमने आणखी एकदा विचारायला हवे, असे मला मनापासून वाटते. परत मिळालेली फाइलही लगेच नाव देऊन आपल्या फोल्डरमध्ये सेव्ह करावी.

ऑप्शन्समधील त्याच पानावर सेव्ह करताना बॅकअप काढण्याचा पर्याय आहे, आणि पुष्कळ जण या दोन्ही सोयी एकच समजतात. हा पर्याय चालू असेल तर मूळ फाइलच्या शेजारी ‘बॅकअप ऑफ’ या नावाने सुरू होणारी फाइल तयार होते आणि तिच्यात आधीच्या सेव्हची अवस्था राहते. जुन्या पत्रिकेवरच नवी पत्रिका करून चुकून त्याच नावाने सेव्ह केली, तर जुनी पत्रिका येथूनच परत मिळते. मात्र ती एकच पाऊल मागे नेते. चूक लक्षात येण्यापूर्वी दुसऱ्यांदा सेव्ह केले, तर जुनी अवस्था गेलीच.

फोटोशॉपमध्येही ठरावीक मिनिटांनी अशी प्रत काढता येते, आणि पाने जुळवण्याचा इनडिझाइन हा प्रोग्रॅम तर मिनिटे न विचारता कामाची नोंद आपणहून ठेवत जातो. माझे बहुतेक काम कोरल ड्रॉमध्येच असल्याने तेथे हे दोन्ही पर्याय मी कायम चालू ठेवतो. वीज जाणे आणि प्रोग्रॅम अचानक बंद पडणे, या दोन संकटांपुरती ही सोय पूर्ण भरवशाची वाटते. हार्ड डिस्कच गेली तर मूळ फाइल आणि तिच्या प्रती एकदमच जातात. त्यासाठी दुकान बंद करण्यापूर्वी दिवसभराचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतो आणि ती डिस्क घरी नेतो.