'नुकतीच सर्व्हिस केलीय' म्हणून विकलेली हेलिऑस: बडोदेकरांनो, सावध राहा

मिररलेस कॅमेऱ्यावर जुन्या मॅन्युअल लेन्स लावायची हौस बडोद्यात वाढतेय, आणि तिच्या मागे लबाडीही येतेय. माझे साडेपाच हजार गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितेय.

लेन्स होती हेलिऑस ४४-२. झेनिट कॅमेऱ्यांवर यायची ती ५८ मिमी, एफ/२ ची सोव्हिएत लेन्स. मागे झाडी असली की पानं भोवऱ्यासारखी गरगरलेली दिसतात, म्हणून तिला मागणी आहे. जाहिरातीत लिहिलं होतं, 'काच स्वच्छ, बुरशी नाही'. विकणाऱ्याने सुरसागर तलावाजवळ बोलावलं, तेही दिवेलागणीला. 'दिवसभर कामात असतो ताई.' फोकस रिंग अगदी मऊ फिरत होती. 'नुकतीच सर्व्हिस केलीय,' तो म्हणाला. पैसे यूपीआयने घेतले आणि गेला.

खरी लबाडी त्या मऊपणातच होती. इतक्या जुन्या लेन्समधलं ग्रीस वाळून रिंग जड होते. नीट दुरुस्त करायचं तर लेन्स पूर्ण उघडून जुनं ग्रीस पुसून नवं भरावं लागतं. याने आत पातळ तेल सोडलं होतं. ते पाझरत ॲपर्चरच्या, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या, पात्यांवर आलं, उन्हाने तापल्यावर त्याची वाफ आतल्या काचांवर बसली. ॲपर्चर बंद करून पाहिलं तर आठही पाती ओली, चकचकीत. पेंटॅक्सच्या टाकुमारसारख्या ऑटो लेन्समध्ये शटर दाबताना पाती स्प्रिंगने आपोआप मिटतात; तिथे तेल आलं की ती चिकटतात आणि खोट लगेच कळते. ४४-२ मध्ये पाती हाताच्या रिंगने फिरतात, ती अडकत नाहीत. हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

दुसरी गोष्ट बुरशीची. सकाळी सुरसागरातल्या महादेवाच्या मूर्तीचा उन्हासमोरून फोटो काढला, तर सगळा पांढुरका, काळा रंग राखाडी. घरी मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा काचेच्या कडेला कोळिष्टकासारख्या रेघा उमटल्या. बुरशी पुसली होती, पण तिने काचेवरचं चकाकी रोखणारं कोटिंग खाल्लं होतं. ते परत येत नाही. काच धरून ठेवणाऱ्या कड्याच्या खाचांभोवती रंग खरवडून धातू उघडा पडला होता, म्हणजे कुणीतरी चुकीच्या हत्याराने उघडली होती. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कपाटात बंद राहिलेल्या लेन्सना हा रोग हमखास लागतो.

त्याला फोन केला तर म्हणाला, 'देताना बरोबर होती.' नंतर नंबर ब्लॉक.

माझ्या ओळखीच्या एका मुलाला त्यानेच अशीच लेन्स निकॉन डीएसएलआरसाठी दिली, 'लांबचं सगळं स्पष्ट येईल' सांगून. ही लेन्स एम४२ माउंटची, म्हणजे आट्यांनी कॅमेऱ्यावर बसणारी. तिला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉन डीएसएलआरच्या एफ माउंटचं अंतर ४६.५ मिमी. म्हणजे साध्या अडॅप्टरने (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याने) लांबचं फोकस होऊच शकत नाही. आत भिंग असलेला अडॅप्टर लावला तर होतं, पण चित्राची धार जाते. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या ई माउंटचं अंतर १८ मिमी आहे, तिथे ही अडचण नाही.

जाहिरात अजून तशीच आहे, फोटो तेच. भेटायला दिवसाच बोलवा. स्वतःची बॉडी आणि अडॅप्टर न्या, मेनूमध्ये 'लेन्सशिवाय शटर' हा पर्याय चालू करून ठेवा (जुनी लेन्स कॅमेऱ्याला ओळखू येत नाही), उन्हाकडे एक फोटो काढा, टॉर्च मागून मारा. तो संध्याकाळवर अडून बसला तर सौदा सोडा.